आफ्रो-डोमिनिकन वारसा: अभ्यास कुठून सुरू करावा आणि कसा पुढे न्यावा

डोमिनिकन रिपब्लिकमध्ये सावळ्या वर्णाच्या, कुरळ्या केसांच्या एखाद्या गृहस्थाला वंश विचारला, तर 'मी इंदिओ आहे' असे उत्तर मिळण्याचा संभव मोठा असतो. हा शब्द ऐकून मराठी माणसाला क्षणभर भारत आठवतो आणि इतिहास वाचलेल्याला अमेरिका खंडातील मूळ रहिवासी आठवतात. प्रत्यक्षात तो गृहस्थ आपल्या त्वचेच्या छटेबद्दल बोलत असतो. कदाचित याच गृहस्थाच्या घरी कोणी वारले, तर 'कोंगो' नावाचे ढोल वाजवणाऱ्यांना बोलावणे जाईल आणि ते वाजल्याशिवाय मृताची पाठवणी पुरी झाली असे घरातील कोणालाही वाटणार नाही.

या विषयाकडे वळलेले बहुतेक अभ्यासक इथेच अडतात. 'हे लोक आफ्रिकन वारसा नाकारतात' असा निष्कर्ष पहिल्याच आठवड्यात लिहून ते मोकळे होतात. माझे मत असे आहे की तो वारसा या समाजाने रोजच्या जगण्यात सांभाळला आहे, मात्र दुसऱ्या नावांखाली. आणि म्हणून माणसाला त्याची ओळख विचारण्याआधी त्याच्या घरचा नवस कोणत्या संताचा आहे, मयताला कोण वाजवते, सणाला काय शिजते, हे विचारत जावे. पुढील सूचना या एकाच धोरणावर उभ्या आहेत. स्पॅनिश थोडीफार वाचता येत असेल तर उत्तमच, पण ती येत नसल्यास थांबून राहण्याचे कारण नाही.

पहिले काम: शब्दांची वही

एक वही घ्यावी आणि वर्णाचे जे जे शब्द भेटतील ते कोणी, कोणाबद्दल आणि कोणत्या प्रसंगी वापरले यासह लिहून ठेवावेत. 'त्रिगेन्यो' हा शब्द स्पॅनिशमधील गव्हाच्या नावावरून आला आहे, म्हणजे आपला 'गव्हाळ' अगदी तसाच. 'मोरेनो' म्हणजे सावळा ते काळा, आणि तो बहुधा सौजन्याने वापरला जातो. 'प्रिएतो' म्हणजे काळाभोर. हा शब्द प्रेमाचा आहे की अपमानाचा, हे केवळ सुरावरून कळते. 'जाबाओ' म्हणजे वर्ण उजळ, पण केस आणि चेहरेपट्टी आफ्रिकन. कुरळ्या केसांना 'पेलो मालो' म्हणजे 'वाईट केस' म्हणण्याची रीत अजून आहे आणि त्याविरुद्ध तरुण स्त्रिया उघडपणे बोलत आहेत. 'आफ्रोदेसेंदिएंते', म्हणजे आफ्रिकन वंशाचा, हा शब्द चळवळीत आणि विद्यापीठांत रुळला आहे, पण चुलीपाशी तो क्वचितच ऐकू येतो.

'इंदिओ'ची गोष्ट थोडी सविस्तर समजून घ्यावी. डोमिनिकन रिपब्लिक आणि हैती ज्या एकाच बेटावर आहेत तेथील ताइनो या मूळ रहिवाशांची लोकसंख्या सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सक्तीच्या श्रमांनी आणि रोगांनी जवळजवळ नष्ट झाली होती. तरीही राफाएल त्रुहियोच्या हुकूमशाहीत (१९३०–१९६१) ओळखपत्रावर वर्ण म्हणून 'इंदिओ' लिहिण्याची पद्धत पक्की झाली. बहुसंख्य मिश्रवंशीय लोकांना 'काळे' हे नाव शेजारच्या हैतीसाठी राखून ठेवता यावे आणि स्वतःसाठी दुसरे नाव मिळावे, अशी ती सोय होती. ज्या हुकूमशहाने ती रुजवली त्याच्या आईच्या घराण्याची मुळे हैतीत पोहोचत होती. हे लक्षात घेतले म्हणजे 'इंदिओ' म्हणणाऱ्या माणसाला खोटे पाडण्याची घाई होत नाही, कारण सरकारी कागदावर त्याच्या आजोबांना हाच शब्द मिळाला होता.

सनावळी पाठ करताना

या बेटाच्या इतिहासात थोड्याच तारखा पाठ असाव्या लागतात, पण त्या कशामुळे महत्त्वाच्या आहेत हे नीट ठाऊक असावे. १५२१ च्या नाताळात राज्यपाल दिएगो कोलोन, म्हणजे कोलंबसाचा मुलगा, याच्या उसाच्या कारखान्यावरील गुलामांनी बंड केले. त्यांत पश्चिम आफ्रिकेतील वोलोफ लोक पुढे होते. अमेरिका खंडातील गुलामांचे हे नोंद झालेले पहिले मोठे बंड होय. बंड मोडल्यावर ६ जानेवारी १५२२ रोजी जे नियम जारी झाले, त्यांत गुलामांच्या शस्त्रांवर आणि फिरण्यावर बंधने होती आणि पळून जाणाऱ्यांना कठोर शिक्षा होत्या. या खंडावर काळ्या माणसांसाठी केलेल्या कायद्यांपैकी आज उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने मानले जातात.

जुन्या पुस्तकांत हेच बंड १५२२ मधील म्हणून दिलेले आढळेल. त्याचे कारण असे की त्या काळच्या स्पॅनिश गणनेत नवे वर्ष नाताळच्या दिवशीच सुरू होत असे, त्यामुळे बखरकाराने 'नाताळचा दुसरा दिवस, १५२२ चा आरंभ' असे लिहिले आणि पुढच्यांनी ते डिसेंबर १५२२ असे वाचले. आपल्या गणनेने ती तारीख २६ डिसेंबर १५२१ येते. जुना कागद हाती घेताना त्या काळचे वर्ष कधी बदलत होते हे आधी पाहावे, हा धडा मला या एका बंडाने जितका पक्का शिकवला तितका दुसऱ्या कशानेही शिकवला नाही.

पुढची साखळी अशी लावावी. १६०५–१६०६ मध्ये राज्यपाल ओसोरियोने उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यावरील वस्त्या सक्तीने उठवल्या, साखरेचा व्यवसाय आधीच खालावला होता, आणि स्पॅनिश वसाहत गुरे पाळणारी गरीब वसाहत बनली. अशा अर्थव्यवस्थेत मालक आणि गुलाम एकाच माळरानावर गुरांमागे फिरत. स्वतंत्र झालेल्या आणि मिश्रवंशीय लोकांची संख्या वाढत गेली. १६९७ नंतर पश्चिमेचा भाग रीतसर फ्रान्सकडे गेला आणि तिथे १७८९ पर्यंत साडेचार ते पाच लाख गुलाम मळ्यांवर राबत होते. दोन शेजारी समाजांची घडण इतकी वेगळी का झाली, याचे मूळ या फरकात आहे. १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. १८२२ मध्ये हैतीचे अध्यक्ष बोयेर पूर्व भागाची राजधानी सांतो दोमिंगो येथे आले आणि पूर्व भागातील गुलामगिरी कायमची संपली. ती १८०१ मध्ये हैतीच्या क्रांतीचा नेता तूसाँ लूव्हर्त्यूर यानेही रद्द केली होती, पण नंतर ती परत लादली गेली होती. १८२२ ते १८४४ या काळाला कोणी 'हैतीचा कब्जा' म्हणतो, कोणी 'एकीकरण'. पुस्तक उघडल्याबरोबर लेखक यांपैकी कोणता शब्द वापरतो हे पाहिले की त्याचा कल समजतो.

२७ फेब्रुवारी १८४४ चे स्वातंत्र्य शिकताना मोंते ग्रांदेची घटना सोडू नये. हैतीपासून वेगळे होताच गुलामगिरी परत येईल या भीतीने तेथील मुक्त झालेले लोक सांतियागो बासोराच्या नेतृत्वाखाली उठले, आणि गुलामगिरी परत येणार नाही हे नव्या सरकारला जाहीर करावे लागले. राष्ट्राच्या जनकांपैकी एक, फ्रान्सिस्को देल रोसारियो सांचेझ, आणि १८६३–१८६५ मध्ये स्पेनविरुद्ध लढलेला पुएर्तो प्लाताचा ग्रेगोरियो लुपेरोन हे दोघेही आफ्रिकन वंशाचे होते. शाळेच्या भिंतीवरील चित्रांत ते कोणत्या रंगाने रंगवले आहेत, याकडे मुद्दाम लक्ष द्यावे.

गावोगावी काय पाहावे

सांतो दोमिंगोच्या मेट्रोने उत्तरेला जावे. पहिल्या मार्गाचे शेवटचे स्थानक 'मामा तिंगो' आहे. फ्लोरिंदा सोरियानो या काळ्या शेतकरी स्त्रीला लोक मामा तिंगो म्हणत. कसणाऱ्यांच्या जमिनीसाठी लढताना १ नोव्हेंबर १९७४ रोजी तिचा खून झाला. स्थानकाबाहेर व्हिया मेया सुरू होते, जिथे तळलेल्या डुकराच्या मांसाचा वास रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी येतो. आणि इथेच पवित्र आत्म्याच्या कोंगोंची कोफ्रादिया आहे. कोफ्रादिया म्हणजे संताच्या नावाने चालणारे बंधुमंडळ. सोळाव्या शतकात गुलामांनी आणि मिश्रवंशीयांनी उभे केलेले हे मंडळ आज स्त्री-पुरुष आणि कोणत्याही वंशाच्या माणसाला खुले आहे. युनेस्कोने २००१ मध्ये त्याला मानवजातीच्या मौखिक वारशात स्थान दिले.

या मंडळाची वाद्ये जवळून पाहावीत. हाताने वाजवायचे मोठे आणि लहान ढोल, माराका म्हणजे खुळखुळे, आणि कानोइता. कानोइता म्हणजे होडीच्या आकाराचा एक लहान लाकडी तुकडा आणि त्यावर आपटायची काठी; आवाज बारीक आणि कोरडा, पण सगळा ठेका त्याच्या आधाराने चालतो. हे ढोल पवित्र आत्म्याने दिले अशी मंडळींची श्रद्धा आहे. कोणी मेले तर अंत्ययात्रेत, नवव्या दिवशी आणि वर्षाने ते वाजतात. तीन वर्षांनी 'बांको' होतो: घरचे लोक तीन पायऱ्यांची मांडणी करतात, मृताच्या जागी बाहुली ठेवतात, मृत व्यक्ती जिवंतांचा निरोप घेते आणि जमलेले सर्व कोंगोच्या ठेक्यावर नाचतात. मराठी वाचकाला यात आपले श्राद्ध आणि जागर दिसणे साहजिक आहे. वहीत तसे लिहावे, पण समोरच्याला 'आमच्याकडेही हेच' असे सांगू नये, कारण त्यानंतर तो स्वतःचे सांगणे थांबवून आपले ऐकू लागतो.

अन्यत्र जे पाहायचे ते ऋतू पाहून ठरवावे. बानी या गावी २४ जूनच्या सुमारास संत योहानाच्या नावाने सारांदुंगा हा ढोलांचा नाच होतो. 'पालोस' किंवा 'आताबालेस' हे उंच ढोल देशभर नवसाच्या जागरांत वाजतात. २९ सप्टेंबरला, संत मायकेलच्या दिवशी, हिरवे आणि लाल कपडे घातलेली माणसे दिसली तर तीच मूर्ती त्यांच्यासाठी बेलिए बेल्कान हा देवही आहे, हे समजून घ्यावे. जागरात कोणाच्या अंगात आले तर तिथे जमलेल्यांना त्यात नवल वाटत नाही. ईस्टरच्या आठवड्यात ऊसतोड कामगारांच्या वस्त्यांवर, ज्यांना 'बातेय' म्हणतात, बांबूच्या भोंग्यांसह गागा ही मिरवणूक निघते. तिचे मूळ हैतीच्या 'रारा'त आहे.

सगळे आफ्रिकन वंशीय गुलामांच्या जहाजांतूनच थेट इथे आले, असे मात्र समजू नये. १८२४–१८२५ मध्ये अमेरिकेतील स्वतंत्र काळी कुटुंबे बोयेरच्या निमंत्रणावरून आली आणि त्यांतील काही समाना द्वीपकल्पावर वसली. जोन्स, ग्रीन, केली ही आडनावे आणि 'ला चुर्चा' नावाचे प्रार्थनास्थळ त्यांची खूण आहे. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजी बेटांवरून साखर कारखान्यांत आलेल्या मजुरांना 'कोकोलो' म्हटले गेले. सान पेद्रो दे माकोरीसमध्ये नाताळात आणि २९ जूनला त्यांचे 'गुलोया' नर्तक मोरपिसे आणि मुखवटे लावून बायबलमधील दावीद व गोलियाथाचे नाट्य नाचतात. या परंपरेलाही २००५ मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली.

बंडाच्या जागाही वगळू नयेत. राजधानीच्या पश्चिमेला बोका दे निगुआच्या साखर कारखान्याचे अवशेष आहेत, जिथे ऑक्टोबर १७९६ मध्ये गुलाम उठले. डोंगरांत पळालेल्यांच्या वस्त्यांना 'मानिएल' म्हणत. सोळाव्या शतकातील अशा बंडखोरांचा नायक सेबास्तियान लेंबा याचा पुतळा राजधानीतील मानववंश संग्रहालयासमोर उभा आहे.

स्वयंपाकघरातून

ज्याला प्रवास शक्य नाही त्याने स्वयंपाकघरापासून आरंभ करावा. तिथे माणसे वंशाच्या प्रश्नापेक्षा कितीतरी मोकळेपणाने बोलतात. उकडून घोटलेल्या कच्च्या केळ्यांचे मांगू सकाळी होते. भाताच्या तळाची खरवड, जिला 'कोंकोन' म्हणतात, पातेल्यातून खरडून वाढली जाते आणि तिच्यावरून घरात आपल्यासारखीच ओढाओढ होते. कोकोलोंनी आणलेली पिठाची तळलेली 'यानिकेके' समुद्रकिनाऱ्यावर मिळते. आणि 'मोरो दे गांदुलेस' हा भात, विशेषतः नारळाच्या दुधात शिजवलेला, मराठी माणसाने नक्की करून पाहावा, कारण गांदुल म्हणजे आपली तूर, तीही बहुधा ओली. तुरीची लागवड प्रथम भारतीय द्वीपकल्पात झाली, ती आफ्रिकेत गेली आणि गुलामांच्या व्यापाराबरोबर कॅरिबियनमध्ये पोहोचली. इंग्रजी बेटांवर तिला 'काँगो पी' म्हणतात आणि 'गांदुल' हा शब्दही बहुतेक अभ्यासक किकोंगो भाषेतील 'वांदू'शी जोडतात. महाराष्ट्राचा या विषयाशी खरा धागा शोधायचा असेल तर तो या दाण्यात आहे.

कागदपत्रे कशी वाचावीत

सांतो दोमिंगोच्या वसाहतकाळातील पत्रव्यवहाराचा मोठा भाग सेव्हिलच्या इंडीज अभिलेखागारात आहे आणि त्यातील पुष्कळ कागद स्पेनच्या 'पारेस' संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. जुने हस्ताक्षर वाचता येत नसेल तर न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधील डोमिनिकन अभ्यास संस्थेने, जी १९९२ पासून कार्यरत आहे, सोळाव्या शतकातील काळ्या लोकांविषयीचे मूळ कागद, त्यांचे लिप्यंतर आणि इंग्रजी अनुवाद यांसह खुले केले आहेत; हस्ताक्षर शिकण्याचे साधनही तिथेच आहे. मोडी शिकलेल्या मराठी माणसाला या कामाची सवय लवकर होते: आधी ठराविक मायना ओळखावा, मग नावे, मग आकडे, आणि सर्वांत शेवटी मधला मजकूर.

कुटुंबाचा शोध घ्यायचा असेल तर उलट दिशेने जावे. प्रथम जिवंत आजीआजोबांकडून गावाचे आणि गावाबाहेरील वाडीचे नाव घ्यावे, नंतर नागरी नोंदी आणि शेवटी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या पाहाव्यात; यांतील बऱ्याच नोंदी 'फॅमिलीसर्च' या वंशावळीच्या संकेतस्थळावर आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाच्या नावानंतर 'मोरेनो', 'पार्दो' (मिश्रवंशीय) किंवा 'अमुक याचा गुलाम' असे शब्द येतात, आणि एकाच कुटुंबातील दोन भावंडांचा वर्ण दोन पाद्र्यांनी वेगळा लिहिलेला आढळू शकतो. ती चूक समजून दुरुस्त करू नये, दोन्ही जसेच्या तसे उतरवावे. डीएनए चाचणीतून खंड कळेल, पण गाव कळणार नाही.

परदेशातील डोमिनिकन

१९६१ मध्ये त्रुहियो मारला गेल्यावर आणि विशेषतः १९६५ च्या यादवीनंतर स्थलांतराची लाट न्यूयॉर्कला गेली. वॉशिंग्टन हाइट्स हे तिचे मुख्य घर. तिथे ब्रॉडवेवर १५९ ते २१८ व्या रस्त्यापर्यंतच्या भागाला २०१२ मध्ये हुआन रोद्रिगेझ याचे नाव दिले गेले. सांतो दोमिंगोचा हा काळा खलाशी १६१३ मध्ये डच जहाजातून मॅनहॅटनला आला आणि परत जाण्यास नकार देऊन एकटाच राहिला. मूळ रहिवाशांव्यतिरिक्त तिथे वस्ती करणारा तो पहिला ज्ञात माणूस. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना पॅटर्सन किंवा युनियन सिटीच्या डोमिनिकन दुकानांत हा अभ्यास घराजवळच करता येईल. अमेरिकेत गेल्यावर अनेकांना प्रथमच कोणीतरी 'काळा' म्हणते, आणि 'इंदिओ' हा शब्द तिथे कोणालाच कळत नाही. त्यामुळे स्वतःला आफ्रो-डोमिनिकन म्हणणारी पिढी बरीचशी तिथे वाढली. मुलाखत घेताना म्हणून 'हा शब्द तुम्ही प्रथम कुठे आणि कोणाकडून ऐकला' हा प्रश्न नेहमी ठेवावा.

स्पेनचा अनुभव वेगळा आहे. तिथे घरकामासाठी प्रामुख्याने स्त्रिया गेल्या. बिसेंते नोब्ले या डोमिनिकन गावाहून आलेल्या लुक्रेसिया पेरेझ हिची १३ नोव्हेंबर १९९२ रोजी माद्रिदच्या आरावाका भागात हत्या झाली, आणि वर्णद्वेषातून झालेला खून म्हणून स्पेनने प्रथम मान्य केलेली घटना ती ठरली. पोर्तो रिकोला जाणारे अनेक जण 'योला' नावाच्या उघड्या होडीतून मोना सामुद्रधुनी ओलांडतात. त्या प्रवासाविषयी समोरचा स्वतः बोलेपर्यंत विचारू नये.

सीमेविषयी

ऑक्टोबर १९३७ मध्ये त्रुहियोच्या आज्ञेने सीमाभागात हैतीचे आणि हैती वंशाचे हजारो लोक मारले गेले. अंदाज काही हजारांपासून वीस हजारांपलीकडे जातात, म्हणून एकच आकडा न देता दोन्ही टोके द्यावीत. 'पेरेहिल' (पार्सली) हा शब्द स्पॅनिश धाटणीने उच्चारायला लावून माणसे वेगळी काढली गेली, अशी आठवण सांगितली जाते. सीमेवरील 'मासाक्रे' नदीचे नाव त्याहून बरेच जुने आहे, या हत्याकांडामुळे ते पडले असे लिहू नये. सप्टेंबर २०१३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने १९२९ पासून कागदपत्रे नसलेल्या परकीय पालकांच्या पोटी जन्मलेल्यांचे नागरिकत्व नाकारले, आणि २०१४ च्या कायद्याने त्यातील काहींनाच वाट मिळाली. बातेयांतील पुष्कळ कुटुंबे आजही या टांगणीवर आहेत, त्यामुळे तिथे घेतलेल्या मुलाखतीत नाव, वस्ती आणि ओळखपत्राची स्थिती या तीन गोष्टी कधीही एकत्र छापू नयेत.

जागरात किंवा बांकोत ध्वनिमुद्रण करायचे असेल तर घरच्या मंडळींची आणि ढोल वाजवणाऱ्यांच्या प्रमुखाची, अशा दोघांचीही परवानगी आधी घ्यावी. एकाने हो म्हटले म्हणजे दुसऱ्याचे गृहीत धरू नये. रिकाम्या हाताने जाऊ नये, मेणबत्त्या, कॉफी किंवा रम जे चालत असेल ते विचारून न्यावे. परतल्यावर महिन्याभरात ध्वनिमुद्रणाची प्रत त्या घरी पोहोचवावी, आणि तिच्यावर मृताचे नाव घरचे लोक लिहितात तसेच लिहावे.